उजवा अर्धा

४ ऑगस्ट, सोमवार
आज काच बसली. दवाखान्याच्या बालविभागात दाराशीच नोंदणीच्या पर्चीचं मशीन आहे. आयाबाया पडद्यावर बोट लावून मुलाची पर्ची काढतात, त्या पडद्यावर. काच एकच, पण डाव्या अर्ध्यावर आमच्या लॅबमध्ये संशोधन करणाऱ्या निकहतचं जंतू मारणारं कोटिंग आणि उजवा अर्धा कोरा. तीन वर्षं घातलीत पोरीने त्या लेपात. ती कोटिंग म्हणते, मला लेप म्हणावंसं वाटतं. मी लॅबमधला सहायक. बाटल्या धुणं, तराजू सांभाळणं, सांगतील ते धरून उभं राहणं. काच टेकवताना एक कडा मी धरली होती.
डोळ्याला दोन्ही अर्धे सारखे. निकहत म्हणाली, "पंडितजी, फूँकिए." फुंकर घातली. उजवीकडे धुकं धरलं, डावीकडे काही नाही. बरोबर मधोमध रेघ, सुरीने कापल्यासारखी. क्षणभरच. मग पुन्हा एक काच.
घरी येईपर्यंत ती रेघ डोळ्यांपुढे.

५ ऑगस्ट, मंगळवार
काम समजावून घेतलं. काच आठवडाभर कुणी पुसायची नाही. दर सोमवारी आठ वाजता, ओपीडी उघडायच्या आधी, दोन्ही अर्ध्यांवरून ओला कापूस फिरवून नमुना घ्यायचा, प्लेटवर लावायचा, दोन दिवस उबेत ठेवायचा. जेवढे जंतू तेवढे ठिपके. पडद्यावरची बटणं रोज डावी-उजवी बदलतात, म्हणजे दोन्ही अर्ध्यांना सारखीच बोटं लागतील. पोरीने सगळा विचार केलाय.
दुपारी सामान आणायला गेलो तेव्हा रांगेत एक बाई होती, आमच्या समथरकडची असावी, बोलण्यावरून. कडेवर तापलेलं मूल. तिने उजव्या अर्ध्यावर बोट दाबलं, पर्ची आली, मूल रडलं, तर तेच बोट तिने त्याच्या तोंडात दिलं. चोखत गप्प झालं.
मला तिथे उभं राहवेना.
आमचं बाळ नवव्या दिवशी गेलं त्याला बावीस वर्षं झाली. गाव वेगळं, दवाखाना वेगळा. डॉक्टर भला माणूस होता, म्हणाला, संसर्ग, कुठून आला ते कधीच कळत नाही. कुठून आला. इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला विचारायचा ते माहीत नव्हतं.
सौ.ला सांगितलं नाही की मशीन बालविभागात आहे.

६ ऑगस्ट, बुधवार
देवळातून परस्पर दवाखान्यात गेलो. बडा बाजारातून काल मऊ मलमल घेऊन ठेवली होती. स्पिरिटने उजवा अर्धा पुसला. ७ वाजून १० मिनिटं. डाव्याला लेप आहे, उजव्याला कोण आहे?
सोमवारी पुसणार नाही. त्या दिवशी नमुना असतो, एवढं कळतं मला.
(यापुढे नुसतं उ. पु.)

७ ऑगस्ट
उ. पु. ७.१०.
बाप रोज चार ओळी मराठीत लिहायला लावायचा. गावच्या शाळेत सगळं हिंदी, मराठी फक्त त्याच्या पाटीवर. पूजा आटोपली की पाटी. आता वही. सवय सुटत नाही.
निकहतला विचारलं, काचेला बोट लागलं हे कळतं कसं? मला वाटायचं दाबलं की कळत असेल. नाही म्हणे. काचेखाली विजेचं अगदी बारीक जाळं पसरलेलं असतं. आपल्या अंगातही वीज वावरते. बोट जवळ आलं की जाळ्याला चाहूल लागते. म्हणून लेप इतका पातळ हवा की चाहूल अडू नये, आणि इतका जागा हवा की जंतू वाचू नये.
घरी येऊन कितीतरी वेळ स्वतःचं बोट बघत बसलो.

९ ऑगस्ट, शनिवार
उ. पु. ७.१५.
परवा निकहतने माझा अंगठा मागितला होता. "पंडितजी, अपना अंगूठा दीजिए, डरिए मत, ज़मीन नहीं लिखवा रही." मी पूजा करून आलेलो, हात धुतलेले. प्लेटवर हलकेच टेकवला. आज झाकण उघडून दाखवलं. अंगठा उगवून आला होता. खरंच, उगवून. पांढरे, पिवळे, एक नारिंगी, ठिपक्यांच्या ओळी, माझ्याच अंगठ्याच्या वळणांनी. याच अंगठ्याने गंध लावतो. फूल वाहतो.
शेजारी दुसरी प्लेट. तोच अंगठा आधी लेपाच्या काचेवर टेकवला होता आणि दोन तासांनी तिथून नमुना घेतला होता. कोरी. स्वच्छ. वारा पडलेल्या तळ्यासारखी.
हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळलं नाही. ज्याने एवढं जग अंगठ्यावर मावेल असं केलं त्याला, का जिने ते थांबवलं तिला.

१० ऑगस्ट, रविवार
उ. पु. ७.१०. आज ओपीडी बंद, तरी गेलो. तातडीचे रुग्ण येतातच.
दारावरचा पहारेकरी हरप्रसाद रोज बघतो. आज बोललाच, "काय पंडितजी, आधोई पोंछत? भगवान कौ सोई आधोई मों धोउत हौ का?" देवाचंही अर्धंच तोंड धुता का म्हणे. मी हसलो. काय सांगणार. म्हणालो, "बाकी आधो कोऊ और धोउत है."

१३ ऑगस्ट, बुधवार
उ. पु. ७.१०.
पहिल्या सोमवारची प्लेट उघडली. डावीकडे सात ठिपके, उजवीकडे नऊ. निकहत बघत राहिली. "पहला हफ़्ता है," एवढंच.
मला तर मनातून बरं वाटलं. दोन्ही अर्धे स्वच्छ.

१७ ऑगस्ट, रविवार
उ. पु. ७.०५.
सौ.ने विचारलं, तो लेप असतो तरी कशाचा. पॉलिमर म्हणालो, त्यात जस्ताचे बारीक कण. आणि पॉलिमर कशाचं? खरं ते सांगितलं, झिंग्यांच्या कवचापासून काढतात. हातातली वात तशीच राहिली. "म्हणजे बावीस वर्षं माळ ओढून तुम्ही झिंगे कालवायला जाता?" मी म्हटलं, कवच धुऊन, आटवून, चाळून त्यात झिंग्याचं काही उरत नाही. "उरो न उरो, देवघरात शिरताना आंघोळ करून शिरा." मग स्वतःच हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली.

२० ऑगस्ट, बुधवार
उ. पु. ७.१०.
दुसरी प्लेट. पुन्हा तेच. डावं-उजवं जवळजवळ सारखं.
निकहतने लेपाचं मिश्रण पुन्हा तपासलं. मग माप पुन्हा तपासलं. मग तराजू. तराजू माझ्याकडे असतो. बरोबर होता.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसले. आधी उ. पु. ७.००, मग घरची पूजा.
निकहत आली होती मोदक खायला. सौ. तिला वाढत होती, ती सौ.ला हिंदीत सांगत होती, पडदा ही पहिली पायरी. खरं काम पुढे आहे. नवजात बाळाच्या पायाला जो चिमटा लावतात, प्राणवायू मोजायचा, त्या सेन्सरवर लेप चढवायचाय. त्यातला लाल उजेड त्वचेतून आरपार गेला पाहिजे, लेपाने तो अडवता कामा नये. "इतनी-सी एड़ी होती है चाचीजी, मेरे अँगूठे जितनी. वही चिमटी एक बच्चे से निकलती है, दूसरे को लगती है." पण पडदा यशस्वी झाला तरच तिचे सर पुढे जाऊ देतील. नाही तर फाइल बंद.
सौ. मोदकाचं ताट घेऊन आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

३ सप्टेंबर, बुधवार
उ. पु. ७.१०.
चौथी प्लेट. सारखीच. सर आले होते, निकहतचे मार्गदर्शक. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "कोटिंग ने नुक़सान नहीं किया, यह तो दिख रहा है. फ़ायदा कहाँ है?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं होतं.
लॅबमध्ये लेप जंतूंना फाडतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. दवाखान्यात का फाडत नाही? काही कळत नाही. देवळात निकहतच्या नावाने एक फूल वाहिलं. तिला सांगितलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पहाटेच्या बसने समथर. धाकटा भाऊ घर सांभाळून आहे. परवा बापाचं श्राद्ध.
वाटभर चुकल्यासारखं. आज काच तशीच असेल.

१४ सप्टेंबर, रविवार
श्राद्ध झालं. पिंड ठेवल्यावर कावळा लगेच आला. भाऊ म्हणाला, बाबांना नेहमीच घाई असायची.
बाप देवळात रोज पहिलं काम एकच करायचा, कालचं निर्माल्य काढणं. म्हणायचा, कालचं आजच्या अंगावर ठेवू नये. मला वाटतं मी पुसतो ते तिथूनच आलंय. फक्त तेवढंच नाही, पण तिथूनही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
काल रात्री परतलो. उ. पु. ७.१०. हरप्रसाद म्हणाला, "चार दिना भगवान बिना मों धोएँ रए."

१७ सप्टेंबर, बुधवार
उ. पु. ७.१०.
सोमवारचा नमुना निकहतने एकटीने घेतला होता. आज प्लेट उघडली आणि दोघंही मागे सरलो. उजव्या अर्ध्याची प्लेट भरून गेलेली. मोजताच येईना, ठिपक्यात ठिपका. डावी नेहमीसारखी, आठ.
निकहतचा चेहरा उजळला. सर आले, त्यांनी बाकीच्या प्लेटांच्या नोंदी काढल्या. पाच सारख्या, एक वेगळी. "एक को मानूँ कि पाँच को? हाथ लग गया होगा, या प्लेट ख़राब." लाल पेनने तिच्या नोंदवहीत आडवी रेघ.

२४ सप्टेंबर, बुधवार
उ. पु. ७.१०.
सातवी प्लेट, पुन्हा सारखी. पंधरा तारखेची ती एक वेडी ठरली.
सरांनी सांगितलं, दसऱ्यानंतर निर्णय. निकहत खिडकीशी उभी राहून काचेच्या तुकड्यांवर फुंकर घालत होती. एकेक. धुकं बसतं, बसत नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मुझे तो दिखता है पंडितजी. बस वहाँ नहीं दिखता."

१ ऑक्टोबर, बुधवार
उ. पु. ७.१०. परवाची आठवी प्लेट, सारखी.
खंडेनवमी. दर वर्षीप्रमाणे लॅबमधल्या यंत्रांची पूजा केली. बाप पळी-ताम्हन, कोयता, विळी मांडायचा. मी तराजू, भट्टी, उबेची पेटी. एकेक मलमलीने पुसून गंध, फूल. निकहत नेहमी हजर असते, तिला गूळखोबरं आवडतं. सरही डोकावले. नोंदवही उघडीच होती, लाल रेघेवर बोट ठेवून सहज म्हणाले, "उस हफ़्ते आख़िर अलग क्या था?"
माझ्या हातात मलमल होती.
घरी येऊन वही काढली. बारा, समथर. तेरा, लिहिलेलंच नाही. चौदा, श्राद्ध. तिन्ही दिवस उ. पु. नाही. आणि पंधराला सोमवार.
मीच.
सोमवारी पुसत नव्हतो म्हणून स्वतःला शहाणा समजत होतो. सोमवारी सकाळी आठ वाजता काचेवर असतं ते आठवड्याचं साचलेलं, आणि मी ते रविवार सकाळपर्यंत रोज पुसून टाकत होतो. आठ आठवडे त्या पोरीच्या कामावर हात फिरवला.


३ ऑक्टोबर, शुक्रवार
काल दसरा, सुट्टी. सबंध दिवस तोंडात शब्द जुळवले. आज एकही कामी आला नाही.
सांगितलं. उभ्या उभ्या. निकहत स्टुलावर बसलेली. आधी समजलंच नाही तिला. मग समजलं. "आठ हफ़्ते," म्हणाली, "आठ हफ़्ते मैं रोती रही और आप मेरा शीशा धोते रहे?" मी म्हटलं, बच्चे उँगली मुँह में लेते हैं बिटिया. तर म्हणाली, "तो मुझसे कहते! मुझसे एक बार कहते!" बरोबर होतं तिचं. पाटीवर चुकल्यावर बापापुढे उभा राहायचो तसा उभा होतो.
शेवटी तिने विचारलं, "तारीख़ें याद हैं?" मी वही पुढे केली. लिपी तीच, तिने वाचायला सुरुवात केली. उ. पु. म्हणजे काय ते सांगितलं. मग तिने स्वतःची नोंदवही शेजारी ठेवली आणि दोन बोटं दोन वह्यांवरून खाली खाली सरकत गेली. बाराला थांबली. तेरा. चौदा. लाल रेघ.
"यह ख़राब नहीं थी," म्हणाली. "यही एक सही थी."
मग आणखी काही सुचलं तिला. उठून उभी राहिली. "पंडितजी, आप दायाँ हिस्सा रोज़ स्पिरिट से पोंछते थे. बायाँ किसी ने नहीं पोंछा. कभी नहीं. और दोनों बराबर निकले."
मला कळायला वेळ लागला. हात न लावता, कपडा न फिरवता, आठ आठवडे तो डावा अर्धा माझ्या रोजच्या पुसण्याइतका स्वच्छ राहिला होता. शेकडो बोटं आली, गेली. लेप नुसता होता. एवढंच करत होता, असत होता.
बाहेर ऑटोचे हॉर्न. मी आयुष्यात पूजा खूप केली, पण इतकं गप्प कधी वाटलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
उ. पु. नाही. निकहतने सांगितलं, सरांशी बोलेपर्यंत थांबा. मशीनसमोर हात खिशात घालून उभा राहिलो आणि परत आलो.
सरांनी सगळं ऐकलं. माझ्यावर रागावले, रागवायलाच हवं होतं. नोकरीचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "निजी डायरी है, मराठी में है. मानेगा कौन, पता नहीं. पर देखूँगा तो पूरी देखूँगा. छाँटे हुए पन्ने नहीं चलेंगे, पंडितजी." मराठी जाणणाऱ्या एका मित्राकडून वाचून घेणार.
आणि नवे चार आठवडे दिले. म्हणाले, उजवा अर्धा या वेळी खरंच कुणी पुसू नका, फरक आपोआप दिसेल. निकहत म्हणाली, नको सर. दोन्ही अर्धे रोज सकाळी सारखेच पुसायचे, आणि ओपीडी संपल्यावर दोन वाजता रोज नमुना. सर म्हणाले, एका सकाळच्या मळात फरक दिसला नाही तर? ती म्हणाली, "तो नहीं दिखा. ये तो पोंछेंगे ही सर, मना करूँ तब भी. अच्छा है लिखकर पोंछें."
सरांना हसू आवरलं नाही. मला रडू.
खात्रीचा रस्ता सोडला तिने. त्या बोट चोखणाऱ्या पोरासाठी, जे तिने पाहिलंही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
वही उद्या द्यायची. पूर्ण. म्हणजे पाच ऑगस्टचं पानही.
सौ. वाती वळत होती. ते पान तिला वाचून दाखवलं. बावीस वर्षांत त्याचा उल्लेख आम्ही मोठ्याने केलेला नाही. वाचून झालं तरी ती वात वळतच राहिली. ती एक वात फार लांब झाली.
"मशीन बालविभागात आहे," म्हणाली.
"हो."
"आणि तुम्ही रोज एकटे जात होता."
"हो."
"मला का नाही सांगितलंत?"
मी कापूस तिच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "वही द्या. त्याचं नाव तर कुठे लिहिलेलं नाही, ठेवलंच नव्हतं. निदान त्या पानावर आहे तो." आणि थोड्या वेळाने, "पण मला ते मशीन दाखवा."

६ ऑक्टोबर, सोमवार
वही सरांकडे. हे सुट्या कागदावर.
सकाळी सौ. बरोबर आली. दवाखान्याच्या दारात पाय अडखळला तिचा, मी न बघितल्यासारखं केलं. निकहत आधीच येऊन उभी, हातमोजे, स्पिरिट आणि मलमलीचे दोन सारखे तुकडे घेऊन. नियम लिहून आणलेला, वरून खाली तीन वेळा, आडवं तीन वेळा, दोन्हीकडे एकदमच.
हरप्रसाद सौ.ला म्हणाला, "आओ भौजी. जे तौ आधोई धोउत हते." हे तर अर्धंच धुवायचे म्हणे.
सौ.ला म्हटलं, आधी फुंकर घाल. तिने पदर सावरून घातली. उजवीकडे धुकं धरलं, डावीकडे नाही, मधोमध ती रेघ. ती वाकून बघत राहिली. रेघ गेली तरी बघत होती. "इतकं पातळ," म्हणाली. बस.
दोन वाजता निकहतने नमुना घेतला. प्लेटा उबेत आहेत, परवा उघडतील. फरक दिसेल का, तिला माहीत नाही. सर वही मानतील का, मला माहीत नाही.
दो. पु. ७.१०. डावा सौ.ने, उजवा मी.